तिरप्या धाग्याचं काम

सहा इंच रुंद, तीन इंच उंच. मधोमध एक मोठा त्रिकोण, त्याचं टोक वरच्या काठाकडे, आणि दोन्ही खांद्यांवर दोन छोटे त्रिकोण. अमेरिकेतल्या गोधड्या शिवणाऱ्या बायका ह्या तुकड्याला ‘फ्लाइंग गीज’ म्हणतात, म्हणजे उडते हंस. मोठा त्रिकोण हंस, बाजूचे दोन आकाश. जामुलमध्ये माझ्याबरोबर शिवणाऱ्या बाया त्याला चिरई म्हणतात, आणि आमच्या खोलीत तेच नाव चालतं.

ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता मशीनवर बहुतेक वेळ चिरया असतात. हे बाहेरून आलेलं, पुस्तकातलं काम आहे, आपल्या हाताला जमायचं नाही, असं अनेक जणी मला म्हणतात. मला ते पटत नाही. जिनं एकदा तरी कटोरी ब्लाउज झोळ न पडता बसवलं आहे, जिनं गळ्याला उरेब पट्टी लावली आहे, तिला ह्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आधीच येते. ती गोष्ट म्हणजे तिरपा धागा.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीचं. मोहाडी, आंधळगाव हा सगळा पट्टा विणकरांचा. कोसाही विणायचे आणि सुतीही. आमच्या घरी खड्ड्यातला माग होता. ताण्याला खळ देताना आम्ही पोरं मोठ्यांच्या हाताखाली असायचो. त्यामुळे कापड म्हणजे काटकोनात एकमेकांना ओलांडणारे दोन धागे, हे मला शिवण शिकण्याआधीच ठाऊक होतं. उभा धागा ओढला तर जवळजवळ हलत नाही. आडवा किंचित देतो. पण तेच कापड कोपऱ्यातून कोपऱ्याकडे धरून ओढलं की ते लोंबतं, लांबतं, आकार सोडतं. शिंपी ह्यालाच उरेब म्हणतात. ब्लाउजच्या कटोरीला हे ताणणं हवं असतं, कारण अंग गोल आहे. गोधडी सपाट पडायची असते, तिथे तेच ताणणं घात करतं.

आता चिरई पाहा. तिचे सगळे उतार तिरपे आहेत आणि ते एकमेकांनाच शिवले जातात, उरेब उरेबाला. म्हणून तयार तुकड्याच्या चारही बाहेरच्या कडा तरी सरळ धाग्यावर यायलाच हव्यात. त्यासाठी मोठा त्रिकोण अशा चौकोनातून काढायचा, ज्याचे दोन्ही कर्ण कापून चार त्रिकोण होतात. मग त्याचा लांब पाया सरळ धाग्यावर पडतो. छोटा त्रिकोण मात्र एकाच कर्णावर कापलेल्या चौकोनातून घ्यायचा. मग त्याच्या दोन आखूड बाजू सरळ धाग्यावर येतात आणि लांब बाजू उरेबात जाते. हे उलटं झालं तरी तुकडा दिसायला तसाच दिसतो. इस्त्री फिरली की त्याच्या कडा वळवळायला लागतात, आणि शंभर तुकडे जोडून झाल्यावर गोधडी जमिनीला टेकत नाही, मधेच फुगून राहते. तेव्हा कुठे चुकलं हे शोधून सापडत नाही, कारण ते कातरीनं केलेलं असतं, सुईनं नाही.

तिरप्या कडेला आवर घालायचा उपाय माहेरातच होता, तो म्हणजे खळ. छत्तीसगड भाताचा मुलूख. घरोघरी भात वेळून पेज निघते, इथल्या बाया तिला पसिया म्हणतात. ती गाळून, पाण्यानं पातळ करून तिच्यात धुतलेलं कापड बुडवायचं, सावलीत वाळवायचं आणि थोडं ओलसर असतानाच इस्त्री करायची. कापड कडक होतं, कातरी जिथे लावाल तिथेच जाते, तिरपी कड हातात मऊ पडत नाही. काम पुरं झालं की गोधडी एकदा धुऊन खळ काढून टाकणं मात्र आलंच, नाहीतर पेटीत ठेवलेल्या कापडाला कसर लागते. दुकानात फवाऱ्याचं स्टार्चही मिळतं. मी ते वापरून पाहिलं आहे. पेजेचं काम जास्त चांगलं होतं, असं माझं मत आहे.

जामुल भिलाईच्या उत्तर अंगाला. पॉवर हाऊसहून नंदिनी रोडनं निघालं की औद्योगिक क्षेत्राच्या शेड लागतात, पुढे सिमेंटचा कारखाना. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. जामुलचा सिमेंट कारखाना 1965 पासूनचा, आणि भट्टीतून निघणारा स्लॅग तिथे सिमेंटमध्ये जातो. उरलेल्यातून नवं काढायची रीत ह्या भागाला परकी नाही. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कितीतरी मराठी कुटुंबं ह्या कारखान्यांच्या आधारानं इथे आली आणि राहिली. आमचे हे इथल्याच एका फॅब्रिकेशन शेडमध्ये फिटर. चिरईच्या कामात त्यांचा वाटा मोठा आहे, तो सांगायलाच हवा.

शिंपी इंचात आणि पाव इंचात बोलतो, फिटर सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. मी मापं वाचून दाखवली तेव्हा ह्यांनी ती लगेच सुतात मांडली, आणि तेव्हापासून आमच्याकडे मापं सुतातच बोलली जातात. जोडाला माया दोन सूत, म्हणजे पाव इंच. ब्लाउजला आपण पुढे उसवून सैल करता यावं म्हणून इंचभर माया ठेवतो. इथे माया फक्त टीप धरून ठेवण्यापुरती. जास्त ठेवली तर उलट्या बाजूला कापडाचे थर साचतात आणि हातानं धावदोरा घालताना सुई अडते.

तयार चिरई सहा बाय तीन हवी असेल तर चार चिरयांसाठी एक मोठा चौकोन सव्वासात इंचांचा घ्यायचा आणि चार छोटे चौकोन तीन इंच सात सुतांचे. रुंदीत सव्वा इंच जास्त आणि उंचीत सात सूत जास्त हे कुठून आलं, ते समजून घेतल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं. ह्यांनी शेडमधल्या कागदावर त्रिकोण काढून दाखवला. सरळ कडेला पाव इंच माया पुरते. त्रिकोणाच्या टोकाशी मात्र दोन शिवणी तिरप्या भेटतात, आणि तिथे तीच पाव इंचाची माया कर्णाच्या दिशेनं लांब पसरते. अर्ध्या चौकोनाच्या त्रिकोणाला हिशेब 0.85 इंच येतो, पाव चौकोनाच्या त्रिकोणाला 1.21 इंच. टेपवर अशा खुणा नसतात, म्हणून एकाला सात सूत आणि दुसऱ्याला दहा सूत धरायचे. केसभर जास्त येतं ते तुकडा शेवटी सारखा करताना छाटता येतं. कारण कळलं की माप पाठ करावं लागत नाही. चिरई चार बाय दोनची असो की आठ बाय चारची, रुंदीत दहा सूत आणि उंचीत सात सूत मिळवले की चौकोन तयार.

ह्यांनी ह्या मापांचे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे चौकोन कापून दिले, कडा कानशीनं घासून, गुण्या लावून तपासून. पुठ्ठ्याचा नमुना चार दिवसांत कोपऱ्यात झिजतो, आणि झिजलेल्या नमुन्यावर खडू फिरवला की प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा जरासा लहान निघतो. पत्रा झिजत नाही. 1979 साली जपानच्या ओल्फा कंपनीनं गोल पात्याचा कटर बाजारात आणला आणि जगभरच्या गोधडीवाल्यांचं कापायचं काम झपाट्यानं सोपं झालं. तो कटर माझ्याकडेही आहे, पण त्याची पाती इथे सहज मिळत नाहीत आणि बोथट पातं धागा ओढतं. धार लावलेली कातरी आणि पत्र्याचा नमुना ह्यांवर आमचं सगळं चालतं.

शिवायच्या पद्धतीबद्दल मी ठाम आहे. चार चिरया एकदम काढायची पद्धत सगळ्यात चांगली. मोठा चौकोन सुलट बाजू वर करून ठेवायचा. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोन छोटे चौकोन उलटे टाकायचे. मधे ते एकमेकांवर थोडे चढतात, चढू द्यायचे. कोपऱ्यातून कोपऱ्यात पेन्सिलीची रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांनी दोन-दोन सुतांवर टीप, मग रेघेवरून काप. दोन तुकडे होतात. छोटे त्रिकोण उघडून इस्त्री केली की प्रत्येक तुकड्याला बदामाचा आकार येतो. त्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर आणखी एक छोटा चौकोन, पुन्हा रेघ, पुन्हा दोन टिपा, पुन्हा काप. एका बदामातून दोन, दोन्हींतून मिळून चार चिरया. कोपऱ्यांवरचे इवलेसे कान सोडले तर काही वाया जात नाही. पण मला ही पद्धत आवडते ती वेगळ्या कारणानं. टीप मारताना तिरपी कड अजून कापलेलीच नसते. आधी शिवण, मग काप. उरेब उघडा पडतो तेव्हा त्याला धरून ठेवणारी टीप तिथे आधीच असते.

साडीच्या काठालगतच्या अरुंद पट्ट्या उरल्या असतील तर दुसरी पद्धत: साडेसहा बाय साडेतीनचा आयत, त्याच्या एका टोकाला साडेतीनचा चौकोन, कर्णावर टीप, जादा कोपरा कापून टाकायचा, तसंच दुसऱ्या टोकाला. सोपी आहे, नवीन बाईला पहिल्या दिवशी हीच शिकवते. फक्त प्रत्येक चिरईमागे कापडाचे चार त्रिकोण कापले जातात. ते आम्ही जोडून ठेवतो, छोट्या दुपट्यांच्या किनारीला लागतात. कागदावर आखून त्याच्यावरच टीप मारायची तिसरी पद्धत टोकांना अचूक आहे, पण मागचा कागद फाडत बसण्यात वेळ जातो आणि जुन्या साडीचं विरलेलं सूत त्या ओढाताणीत सुटतं. नव्या कापडाला ठीक.

आणि मग चोच. चिरईचं टोक वरच्या काठापासून बरोबर दोन सूत खाली यायला हवं. तेवढीच माया पुढच्या जोडात जाणार असते. टोक काठालाच भिडलं असेल तर जोड शिवताना ते टिपेत जातं आणि सुलट बाजूनं हंस थोटा दिसतो. ‘चोंच कटागे!’ अशी हाक आमच्या खोलीत ऐकू आली की सगळ्या जणी माना वर करतात. उपाय उलट्या बाजूला आहे. तिथे दोन टिपा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे फुली दिसते. दोन चिरया जोडताना ही फुली वरच्या बाजूला, डोळ्यांसमोर ठेवायची आणि टीप फुलीच्या मधल्या बिंदूच्या धागाभर वरून न्यायची. काठाकडे बघत टीप मारायची सवय सोडून फुलीकडे बघत मारायची. ब्लाउजवाल्या बायांना हे आठवडाभर जड जातं, कारण त्यांचा डोळा कायम काठावर असतो.

इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची आणि उचलायची. जोडाची माया आकाशाच्या बाजूला पाडायची, म्हणजे चोच जाड होत नाही.

फिटर माणसाला जे मनापासून कळतं आणि शिंप्याला उशिरा कळतं, ते म्हणजे साठत जाणारी चूक. जोडाला दोन सुतांऐवजी एक मिलिमीटर जास्त माया गेली तर एका चिरईत काहीच दिसत नाही. पण प्रत्येक चिरई वरून एक आणि खालून एक असे दोन मिलिमीटर हरवते. बारा चिरयांच्या पट्टीत ते चोवीस होतात. शेजारची कोरी पट्टी मात्र पुऱ्या छत्तीस इंचांची असते, आणि दोन्ही जोडायला घेतल्या की एक लांब, एक आखूड. ओढून बसवली की चुणी पडते. ह्यांचं वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे: ‘एका जोडात धागाभर, बारा जोडांत बोटभर.’ म्हणून मशीनच्या पाट्यावर सुईपासून मोजून विजेच्या कामाची टेप चिकटवली आहे, कापड तिला लागून सरकतं. आणि खरी टीप दोन सुतांना केसभर कमी ठेवतो, कारण कापड उलटून दुमडतं त्या घडीतही थोडं खर्ची पडतं.

साठ बाय नव्वद इंचांच्या एका पलंगाच्या गोधडीत, पाच उभ्या पट्ट्या चिरयांच्या आणि सहा कोऱ्या, अशी मांडणी केली तर एका पट्टीत तीस, एकूण दीडशे चिरया लागतात. ही मांडणी जुनी आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गोधड्यांतही अशा उभ्या पट्ट्या दिसतात, मधे छापील कापडाच्या कोऱ्या पट्ट्या सोडून.

माझ्याकडे हे काम आलं तेही अमेरिकेतूनच. भिलाईच्या सेक्टरमधल्या एका काकूंची मुलगी न्यू जर्सीत असते. तिला आईच्या जुन्या साड्यांची अशी गोधडी हवी होती. तिनं काढलेल्या फोटोसोबत एक गोष्टही आली: की गुलामगिरीतून पळून जाणाऱ्या काळ्या माणसांना वाट दाखवायला अशा गोधड्या कुंपणावर वाळत घालत, आणि हंसांच्या चोची उत्तरेला असत. ही गोष्ट फार पसरली ती 1999 साली आलेल्या ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ ह्या पुस्तकानंतर. इतिहासकारांनी त्या काळातले कागद, आठवणी, मुलाखती धुंडाळल्या, पण तिला आधार सापडला नाही. काकूंना मी हे सांगितलं. त्या जराशा नाराज झाल्या. पण ज्या माणसांनी जीव मुठीत धरून ती वाट तुडवली, त्यांच्या दुःखावर आपण हौसेनं कलाकुसर चिकटवू नये, असं मला वाटलं आणि अजून वाटतं. चिरई तिच्या रेघांवरच पुरेशी देखणी आहे.

आपल्याकडच्या गोधडीनं ह्या कामाला काय दिलं हे मात्र खात्रीनं सांगता येतं. माझी आजी वाकळ शिवायची ती माप न घेता. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा असं जड काहीतरी ठेवायचं आणि काठापासून आत आत धावदोरा घालत जायचं. तिचे टाके मोजून बघितले तर एका इंचात सारखेच भरत. ह्या टाक्याला तोड नाही. मशीनवर जोडलेल्या चिरयांचा वरचा थर, मधे धुतलेली जुनी सुती साडी, खाली अस्तर, आणि ह्या तिन्हींना बांधणारा धावदोरा आजीच्याच हाताचा, अशी आमची गोधडी असते. भिलाईच्या थंडीला तेवढी ऊब पुरते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला सिद्दी बाया कवंदी शिवतात, त्याही कडेनं सुरू करून मध्याकडे जातात. त्यांच्या कवंदीच्या चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणांची फुलं असतात, आणि ती नसली तर कवंदी उघडी राहिली असं त्या मानतात. त्रिकोण आपल्या शिवणाऱ्या बायांच्या हातात फार आधीपासून आहे, हे लक्षात घ्या.

माझ्याबरोबर शिवणाऱ्या तिघी जामुलच्याच, छत्तीसगडी बोलणाऱ्या. त्यांच्या घरी कथरी शिवली जातेच, त्यामुळे टाका शिकवावा लागला नाही. मी त्यांच्यासाठी दीदी. पहिल्या गोधडीच्या पाचही पट्ट्या जमिनीवर मांडल्या तेव्हा त्यांतली सगळ्यात लहान लगेच म्हणाली, ‘दीदी, ये मन सब्बो एके डहर उड़त हें.’ सगळ्या एकाच दिशेला उडताहेत. तिला ते कंटाळवाणं वाटत होतं. पलंगावर चोची उशाकडे असाव्यात की पायथ्याकडे, एक पट्टी वर आणि शेजारची खाली असं करावं का, ह्यावर त्या दुपारी बरीच चर्चा झाली. जुन्या गोधड्यांत दोन्ही प्रकार आहेत. आम्ही हल्ली एक आड एक उलट लावतो. कुठल्याही बाजूनं पांघरलं तरी निम्म्या चिरया सुलट दिसतात.

हिवाळ्यात एकदा आम्ही सगळ्या जणी बेमेतरा जिल्ह्यात गिधवा-परसद्याच्या तलावांवर गेलो होतो. तिथे थंडीत दूरदेशीचे पक्षी उतरतात; 2021 च्या जानेवारीअखेरीस तिथे मोठा पक्षी महोत्सवही भरला होता. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून हिवाळ्याला भारतात येतात, तेच खरे उडते हंस. आकाशातली त्यांची रांग मी पहिल्यांदा नीट बघितली ती एक शिवणारी बाई म्हणून. त्या रांगेचे दोन्ही हात सारखे नसतात. एक लांब, एक आखूड, आणि मधेच एखादी जागा रिकामी. परत आल्यावर आम्ही एक गोधडी अशी केली, जिच्यात एक पट्टी अर्ध्यातच थांबते आणि पुढे नुसतं आकाशाचं कापड आहे. गिऱ्हाइकाला आधी ती अपुरी वाटली, मग आवडली. मला स्वतःला ती सगळ्यांत जास्त आवडते.

कापडाबद्दल थोडं. हंस गडद आणि आकाश फिकं, किंवा उलट. पण दोघांत फरक स्पष्ट हवा. दोन मध्यम रंग शेजारी आले की दोन फुटांवरून सगळं मिसळून जातं. कापड निवडताना मी डोळे बारीक करून बघते, तुकडे वेगळे दिसले तरच घेते. इथल्या लाल काठाच्या हातमागाच्या लुगऱ्याला माझ्या लेखी पहिला मान. सूत जाड, वीण सरळ, फाडलं तर थेट धाग्यावर फाटतं. लाल आणि निळं कापड मात्र आधी वेगवेगळं धुऊन, ओलं असताना पांढऱ्या चिंधीवर दाबून बघायचं. चिंधीला रंग लागला तर ते कापड फिक्या आकाशाशेजारी ठेवायचं नाही, कितीही जीव अडकला तरी. जॉर्जेट, नायलॉन, मिश्र धाग्याच्या साड्या आम्ही चिरईला घेत नाही. इस्त्रीखाली त्या आक्रसतात आणि घडी धरत नाहीत.

साडी झिजते ती निऱ्यांच्या खालच्या बाजूला आणि खांद्यावर. कमरेला आतून जाणारा भाग बहुधा शाबूत असतो. मुलीनं आईची साडी आणून दिली की पहिली कातरी मी कधी घाईनं लावत नाही. तिला बसवून घेते, कुठला भाग राहू दे आणि कुठला चालेल हे तिच्याच तोंडून ऐकते. पदराचा तुकडा मागतात बहुतेक जणी. पदर हंसाला, अंगाचं कापड आकाशाला.

आता पैशांचं. एका बाईंनी गोधडीची किंमत ऐकून मला तयार जयपुरी रजईचा भाव सांगितला आणि त्या निघून गेल्या. त्यांचा राग नाही. दुकानातली रजई बहुतेक वेळा एकाच छापील कापडाची असते. आमच्या गोधडीत दीडशे चिरया, म्हणजे तीनशे तिरप्या टिपा, मग त्या जोडणाऱ्या आडव्या टिपा, मग पट्ट्यांच्या उभ्या टिपा, आणि त्यानंतर तिघी-चौघी बसून घातलेला धावदोरा. पण ही मोजणी गिऱ्हाइकाला कोणी सांगितलेलीच नसते. शिवणाऱ्या बाईलाही ती सांगायची लाज वाटते. ‘घरबसल्या काम आहे, द्या काय द्यायचं ते’ असं बोलून आपणच आपल्या हाताचं मोल उतरवतो. मी ते बोलणं सोडलं. आमच्याकडे दर चिरईवर आहे. छोटी, मोठी, जुन्या कापडाची, नव्या कापडाची, असा दर भिंतीवर लिहिलेला आहे आणि तो आम्ही चौघींनी मिळून ठरवला आहे. धावदोऱ्याचा दर वेगळा. जिनं जेवढ्या चिरया शिवल्या, तेवढे पैसे तिच्या नावावर वहीत पडतात. ह्या पद्धतीनं काम कमी झालं नाही. उलट बायांनी स्वतःच एकमेकींच्या चोची तपासायला सुरुवात केली, कारण थोटी चिरई वहीत धरली जात नाही.

शिवण येणाऱ्या बायांना माझं सांगणं आहे की मोठ्या गोधडीला हात घालण्याआधी एका उशीच्या अभ्र्यापुरत्या चिरया करा, त्याही खळ दिलेल्या साध्या सुती कापडाच्या. कागदावर एकदा त्रिकोण काढून सात सूत आणि दहा सूत कुठून आले ते बघा. बाकी सगळं तुमच्या हाताला येतं.

आणि ज्यांना शिवून घ्यायचं आहे त्यांना विनंती आहे. जुनं सुती लुगडं पोतेऱ्याला लावण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. विणीतून उजेड सगळीकडून सारखा येत असेल तर त्यात अजून बऱ्याच चिरया आहेत. ते धुऊन, फॉल उसवून, जवळच्या शिवणाऱ्या बाईकडे घेऊन जा, आणि भाव विचारताना लांबी-रुंदीच्या आधी तुकडे किती ते विचारा.